कट मारला की १.३, आयसो खेळला की ०.९. मग सगळे दिवसभर कटच का मारत नाहीत?

पहाटपाच (धागाकर्ता)

एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. न बघणाऱ्यांनीही यावं, फक्त "उंच माणसांचा खेळ, त्यात काय बघायचं" हा प्रतिसाद मी आधीच गृहीत धरलाय, तो देऊ नये.

एनबीएच्या संकेतस्थळावर चालींची वर्गवारी असते. प्रत्येक चाल कशी संपली ते बघून तिला एक शिक्का मारतात आणि त्या प्रकारातून चालीमागे सरासरी किती गुण निघाले ते देतात. गेल्या काही हंगामांचं लीगभरचं चित्र ढोबळमानाने असं: रिंगकडे कट मारणाऱ्याला (म्हणजे बॉलशिवाय मुसंडी मारणाऱ्याला) पास मिळाला तर चालीमागे १.३ च्या आसपास. चुकलेला बॉल तिथल्या तिथे उचलून परत टाकला (पुटबॅक), किंवा समोरचे सावरायच्या आत पळत जाऊन टाकला (ट्रान्झिशन), तर १.१ च्या वर. स्क्रीन लावून (डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहून) रिंगकडे वळणारा रोल मॅनही साधारण तिथेच. जागेवर उभं राहून पास येताच मारणारा स्पॉट-अप १ च्या जरा वर, पोस्ट-अप (रिंगकडे पाठ करून बॉल घेऊन खेळणं) १ च्या आतबाहेर. आणि तळाला दोघं: आयसोलेशन (आयसो, एकट्याने समोरच्या एकाला भिडणं), आणि पिक अँड रोलमध्ये (सोबती स्क्रीन लावून रिंगकडे वळतो ती चाल) बॉल ज्याच्या हातात असतो तो. दोघंही ०.९ च्या आगेमागे.

म्हणजे शंभर चालींमागे चाळीस गुणांचा फरक! कोचच्या मागे लॅपटॉप घेऊन बसलेली एवढी फौज असते, तिला हे दिसत नाही का? उलट शेवटच्या दोन मिनिटांत बहुतेक संघ एकाच्या हातात बॉल देतात आणि उरलेले चौघं लांब जाऊन उभे राहतात. सगळ्यात महत्त्वाच्या वेळी सगळ्यात फुसकी चाल. का?

निवांत_नाना

उंच माणसांचा खेळ, त्यात काय बघायचं.

(राहवलं नाही. पळतो.)

ह्यूस्टनकर

आयसोला फुसकी म्हटल्याबद्दल निषेध.

आमच्या गावात जेम्स हार्डन नावाचा एक दाढीवाला खेळून गेला. २०१८-१९ मध्ये त्याने सामन्यामागे ३६.१ गुण काढले. त्या वर्षी तो एकटा जेवढ्या आयसो चाली खेळला तेवढ्या लीगमधला दुसरा कुठला अख्खा संघही खेळला नाही, आणि एवढं करून चालीमागे गुण १.१ च्या आसपास. तुमच्या तक्त्यातल्या पुटबॅकच्या पंक्तीला बसेल असा आकडा. लीगची सरासरी ०.९ येते कारण तिच्यात ज्याला आयसो खेळता येत नाही पण हौस दांडगी आहे असे पन्नास जण मिसळलेले असतात.

आयसो वाईट नसते. आयसो खेळणारा वाईट असतो.

बॉस्टनवासी

ह्यूस्टनकर, २८ मे २०१८ बद्दल दोन शब्द बोला ना.

ह्यूस्टनकर

बोलणार नाही.

बॉस्टनवासी

मग मी बोलतो. वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा सातवा सामना, ह्यूस्टन स्वतःच्या घरी. ६५ सामने जिंकून आलेला संघ, मध्यंतराला अकराने पुढे. आणि मग सलग २७ थ्री (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) चुकले! एकूण ४४ पैकी ७ आत. गोल्डन स्टेट १०१, ह्यूस्टन ९२.

ह्यूस्टनकर

क्रिस पॉलची मांडी दुखावली होती. तो सहावा-सातवा सामना खेळलाच नाही हे सोयीस्करपणे विसरायचं. आणि ते चुकलेले बरेचसे थ्री मोकळेच होते. मोकळा थ्री चुकला तर त्यात आयसोचा काय दोष? दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय तोंडाने गेलो माझं मला माहीत.

गणिताचा_तास

धाग्याच्या मूळ प्रश्नावर येतो. लांबण लागेल.

या तक्त्याची मेख अशी आहे की चालीचा शिक्का *शेवटच्या* क्रियेवर बसतो. उदाहरण घ्या. डेन्व्हरचा निकोला योकिच कोपराच्या जागेवर (फ्री थ्रो रेषेच्या टोकाला), रिंगकडे पाठ करून, बॉल घेतो. त्याच्यावर दुसरा डिफेंडर धावून येतो. बेसलाइनवर दबा धरून बसलेला अ‍ॅरन गॉर्डन रिंगखाली सरकतो, योकिच न बघितल्यासारखं करून पास देतो, गॉर्डन डंक करतो. तक्त्यात ही चाल कुठे गेली? 'कट' मध्ये, गॉर्डनच्या नावावर, दोन गुण. 'पोस्ट-अप'च्या रकान्यात काहीही नाही. आता योकिचकडे दुसरा डिफेंडर आला नाही, त्याने स्वतः अवघड हुक मारला आणि चुकला, तर? पोस्ट-अप, शून्य गुण.

म्हणजे पोस्ट-अपमधून जन्मलेल्या सोप्या बास्केट दुसऱ्यांच्या खात्यात जातात आणि अवघड उरतात त्या पोस्ट-अपच्या. पिक अँड रोलचंही तेच. बॉलवाला स्क्रीनवरून आला, कोपऱ्यातला डिफेंडर मदतीला आत आला, बॉल कोपऱ्यात गेला, तिथून थ्री: स्पॉट-अप. डिफेंडर बॉलवाल्यावर गेला आणि रोल मॅनला लॉब (रिंगजवळ उंच पास) मिळाला: रोल मॅन. दोन्ही वाटा बंद असल्यामुळे बॉलवाल्याला स्वतःलाच पंधरा फुटांवरून मारावा लागला: 'बॉल हँडलर', ०.९. एकच चाल तक्त्यात तीन ओळींत विभागली गेली, आणि चांगलं ते इतरांना देऊन उरलेला गाळ बॉल हँडलरच्या ओळीत आला.

आता कट. जो कट मारला आणि पास *मिळालाच नाही*, तो तक्त्यात कुठेच नाही. तुम्ही सामनाभर रिंगकडे पळत राहिलात आणि बॉल फक्त डिफेंडर झोपला असताना मिळाला, तर नोंद तेवढ्याच वेळची. १.३ हा आकडा 'कट मारण्या'चा नाहीच, 'कट मारून मोकळं सापडण्या'चा आहे.

पहाटपाच

हे आवडलं. पण गणिताचा_तास, मग हा तक्ता निरुपयोगीच म्हणायचा का? संघ तर तो वापरतात.

गणिताचा_तास

निरुपयोगी अजिबात नाही. दोन खेळाडूंची *एकाच* प्रकारात तुलना करायला उत्तम. दोन *प्रकारांची* तुलना करताना हात भाजतो. संघांकडे यापेक्षा बारीक माहितीही असते. २०१३-१४ पासून सगळ्या मैदानांच्या छताला कॅमेरे आहेत, दहाही जण प्रत्येक क्षणाला कुठे होते याची नोंद होते. त्यामुळे 'पिक अँड रोलमधून जे काही निघालं ते सगळं, पाससकट' असाही हिशोब करता येतो. पाससकट मोजलं की चांगल्या बॉल हँडलरचा आकडा झकास वर जातो.

अजून एक खाच. लीगमधला संघ आज शंभर पझेशनमागे (बॉल हाती आल्यापासून समोरच्यांकडे जाईपर्यंत एक पझेशन) साधारण ११५ गुण काढतो (२०२३-२४ ची सरासरी ११५.३). मग या तक्त्यातल्या बहुतेक ओळी १ च्या आसपास का घोटाळतात? कारण शॉट चुकला आणि आपल्याच माणसाने रिबाउंड घेतला (चुकलेला बॉल पकडला) तर पझेशन चालूच राहतं, पण तक्त्यात पहिली चाल शून्यावर बंद होते आणि नवी सुरू. ते शून्य पहिल्या चालीच्या माथी.

कबड्डीप्रेमी_सांगली

मी बास्केटबॉल फार बघत नाही, पोरगा बघतो म्हणून शेजारी बसतो. पण हे ऐकून प्रो कबड्डीतली डू ऑर डाय रेड आठवली. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसऱ्या रेडमध्ये गुण आणायचाच, नाहीतर रेडर बाद. ती रेड करणाऱ्याची टक्केवारी काढली तर कमीच येणार, कारण समोरच्या सातही जणांना माहीत असतं की हा आता जोखीम घेणार. त्यावरून तो रेडर कच्चा असं कोण म्हणेल? उलट संघातला पक्काच गडी तिथे पाठवतात. शॉट मारायच्या तुमच्या त्या २४ सेकंदांच्या घड्याळात शेवटची चार सेकंदं उरली की आयसो होत असणार, असा माझा अंदाज.

गणिताचा_तास

कबड्डीप्रेमी, शंभर टक्के. याला म्हणतात बाहेरून येऊन चौकार... असो, तिसरा खेळ नको.

घड्याळात चारच सेकंदं उरलेली असताना मारलेले शॉट, कुठल्याही प्रकारचे असोत, कमी वेळा आत जातात. आयसोच्या वाट्याला ही उरलीसुरली चाल जास्त येते. पहिली स्क्रीन फसली, दुसरी फसली, बॉल परत वर आला, आता जो बरा आहे त्याने काहीतरी करावं. ट्रान्झिशनचं बरोबर उलटं: ती घड्याळाच्या पहिल्या पाच-सात सेकंदांत होते, समोरचे अजून पाठमोरे पळत असतात.

मृद्गंधा

त्या घड्याळाची गोष्टही मजेची आहे, अवांतर म्हणून सांगते. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. पूर्ण सामन्यात, दोन्ही संघ मिळून ३७ गुण! लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा धिप्पाड सेंटर होता, म्हणून पिस्टन्सनी बॉल नुसता धरून ठेवला. पुढे सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशोब केला की चांगल्या रंगतदार सामन्यात दोघांचे मिळून १२० शॉट होतात. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंदं, भागिले १२०, आले २४. १९५४-५५ पासून हे घड्याळ लागू झालं.

सांगायचा मुद्दा असा की 'कार्यक्षमता' नावाची भानगड त्या दिवसापासूनच अर्थपूर्ण झाली. त्याआधी चांगली चाल मिळेपर्यंत थांबता येत होतं.

खडूस_खवय्या

१९-१८? आमच्या सोसायटीच्या पोरांचा स्कोअर याहून जास्त असतो.

रिंगमास्तर

मी एका शाळेत मुलींचा १४ वर्षांखालचा संघ बघतो. सिमेंटचं मैदान, दोन रिंगांपैकी एकीला जाळी नाही. जाळी नसली की काय होतं हे टीव्हीवर बघणाऱ्यांना कळायचं नाही: बॉल आतून गेला की रिंगच्या मागून, यावर रोज भांडण. दुपारनंतर वारा सुटला की लांबचा शॉट विसरा.

तर आमच्याकडे तुमचा तक्ता फार सोपा होतो. लेअप आणि पुटबॅक. पोस्ट-अपला मुलगी उभी केली की तिच्यापर्यंत पासच पोचत नाही. पिक अँड रोल शिकवायला गेलो तर दोघी एकमेकींवर आदळतात आणि पंच फाउल देतात, कारण स्क्रीन लावणारी थांबतच नाही, चालत राहते. पास द्या आणि लगेच पळा, एवढं एकच सांगतो. सामना त्यावर जिंकता येतो. मोठ्यांच्या आकडेमोडीतून आमच्यासाठी काही घेण्यासारखं आहे का, हे विचारायचं होतं.

बॉस्टनवासी

रिंगमास्तर सर, तुमच्या मुली खेळतात तेच १.३ चं बास्केटबॉल! फक्त समोरच्या संघाने टीव्ही बघायला लागता कामा नये.

बाकी मुद्द्याचं: आयसो ही बऱ्याचदा *हल्ला करणाऱ्याची* निवड नसते, *बचाव करणाऱ्याची* असते. २०२४ ची फायनल आठवा, बॉस्टन विरुद्ध डॅलस. डॅलसचा सगळा खेळ लुका डॉनचिचच्या पिक अँड रोलवर: स्क्रीनवरून आला की एक तर लाइव्हली किंवा गॅफर्डला लॉब, नाहीतर कोपऱ्यात थ्री. बॉस्टनने काय केलं? कोपरे सोडलेच नाहीत. लुकाला एकटा डिफेंडर दिला आणि म्हटलं, घे बाबा, तूच मार. लुकाने २९.२ च्या सरासरीने मारलेही. पण लॉब आटले, कोपऱ्यातले थ्री आटले, मालिका ४-१. बॉस्टनने डॅलसला जबरदस्तीने तक्त्याच्या तळाशी ढकललं. हे जमायला जेरू हॉलिडे, डेरिक व्हाइट, जेलन ब्राउन असे एकट्याने उभे राहू शकणारे लागतात म्हणा.

आणि त्याच बॉस्टनकडे क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस होता. सव्वासात फुटी माणूस. स्क्रीननंतर समोरच्यांनी कोणी कोणाला अडवायचं याची अदलाबदल केली की एखादा सव्वासहा फुटी गार्ड त्याच्या वाट्याला यायचा. हा फ्री थ्रो रेषेच्या आसपास बॉल घेणार आणि त्याच्या डोक्यावरून मारणार. पोस्ट-अप मेला म्हणणाऱ्यांनी तो हंगाम परत बघावा.

जुनाट_जॉर्डनभक्त

पोस्ट-अप मारला कोणी? नियमांनी. २००१-०२ आधी झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखणं) चालत नव्हता. मदतीला यायचं तर उघड उघड डबल टीम करावी लागे, नुसतं मध्ये तरंगत राहिलं तर इलीगल डिफेन्स. शकील ओनील किंवा हकीम ओलाजुवनला त्या काळात बॉल दिला की समोरच्याची अवस्था बघवायची नाही. झोन आल्यावर शकच्या मागे एक आणि पुढे एक, पास जाणारच कसा? मग २००४-०५ पासून बाहेर हँड-चेकिंगवर (हात लावून अडवण्यावर) कडक शिट्ट्या. म्हणजे आतला रस्ता अरुंद केला आणि बाहेरचा मोकळा. खेळ बाहेर गेला यात नवल काय? आणि लोक म्हणतात गणिताने बदल घडवला.

गणिताचा_तास

दोन्ही. थ्रीची रेषा १९७९-८० पासून आहे, पण पहिली वीस वर्षं कोच लोक तिच्याकडे सर्कशीसारखं बघायचे. हिशोब मात्र पाचवीतला आहे. लांबचा दोन गुणांचा शॉट ४० टक्क्यांनी पडतो: ०.८. कोपऱ्यातला थ्री ३८-३९ टक्क्यांनी: १.१५ च्या जवळ. रिंगखालचा ६५ टक्क्यांनी: १.३. आणि फाउल होऊन दोन फ्री थ्रो, ७८ टक्क्यांनी: १.५६! सगळ्यात फायदेशीर 'चाल' म्हणजे पंचाची शिट्टी.

कोपऱ्यात रेषा २२ फुटांवर आहे, समोर २३ फूट ९ इंचांवर. गुण तेवढेच. म्हणून कोपऱ्यात कायम कोणीतरी उभा असतो.

चिऊताई२१

डब्ल्यूएनबीए (बायकांची लीग) कोणी बघतं की नाही इथे? एजा विल्सन, २०२४: सामन्यामागे २६.९ गुण, एका हंगामात हजार गुण करणारी पहिली खेळाडू. तिचा बराचसा खेळ तुम्ही ज्याला ०.८ म्हणून हिणवताय त्या मधल्या पट्ट्यात, रिंग आणि थ्रीची रेषा यांच्या मध्ये. रिंगकडे तोंड करून जॅब स्टेप (पाऊल टाकल्याचा नुसता आव), आणि उडी मारून शॉट. आणि बॉल जवळजवळ गमावतच नाही, सामन्यामागे १.३ टर्नओव्हर! एवढा बॉल हाताळणाऱ्या खेळाडूसाठी हा आकडा अफाट आहे. पास करत, कट मारत खेळणाऱ्या संघाचा बॉल वाटेत जातो, तेव्हा शॉटची टक्केवारी छान दिसते पण शॉटच होत नाही. मधल्या शॉटचा हा गुण कोणी मोजत नाही.

गणिताचा_तास

टर्नओव्हर चालीमागे गुणांत शून्य म्हणून धरतात, चिऊताई. पण टर्नओव्हर झाल्यावर समोरच्याला जी पळती चाल मिळते, तिचे गुण आपल्या तक्त्यात येत नाहीत. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

चिऊताई२१

तेच म्हणतेय मी. ओक्लाहोमा २०२४-२५ घ्या. ६८ सामने जिंकले. स्वतः बॉल सोडत नाहीत आणि समोरच्याचा काढून घेतात. त्यांचं ट्रान्झिशन त्यांच्या *बचावातून* येतं. 'आम्हीही जास्त पळू' असं ठरवून पळता येत नाही, आधी बॉल तर हाती यायला हवा. बास्केट झाल्यावर बेसलाइनवरून बॉल आत टाकेपर्यंत समोरचे परत जाऊन उभे असतात.

निवांत_नाना

म्हणजे थोडक्यात, चांगलं खेळलं की चांगले आकडे येतात. मीही एखादी विश्लेषण कंपनी काढावी म्हणतो.

पहाटपाच

नाना, तुमच्या कंपनीत पहिली नोकरी मला द्या, सध्या पहाटे उठून फुकट करतोय.

पुटबॅकबद्दल कोणी बोलत नाहीये. तिथे तरी ठरवून करता येतं ना? चारही जण रिंगखाली पाठवा.

ह्यूस्टनकर

आता माझा विषय आला. आमचा २०२४-२५ चा संघ हेच करत होता. स्टीव्हन अ‍ॅडम्स आणि अल्परेन शेंगुन एकत्र मैदानात, शॉट चुकला तरी चिंता नाही, कारण अ‍ॅडम्स दोन जणांना पाठीने ढकलून जागा अडवून ठेवतो. आक्रमक रिबाउंडमध्ये लीगमध्ये अव्वल, ५२ विजय. शॉट मारण्यात मात्र आमची पोरं यथातथाच होती. म्हणजे पहिली चाल बेताची आणि दुसऱ्या संधीवर संसार.

पण चार जण पाठवायचे म्हणजे मागे एकच उरतो. रिबाउंड गेला की समोरचा संघ तुम्हाला ट्रान्झिशनमध्ये सोलून काढतो. सॅन अँटोनियोचे पॉपोविच कित्येक वर्षं आपल्या लोकांना सांगत, रिबाउंड सोडा, आधी मागे पळा. अजूनही यावर कोचांचं एकमत नाही.

वरळी_सीफेस

सॅन अँटोनियोचं नाव निघालंय तर २०१४ ची फायनल. मायामीला ४-१, पाच सामन्यांत सरासरी १४ गुणांच्या फरकाने. चांगला शॉट होता, तो सोडून अजून चांगल्या शॉटसाठी पास. बोरिस डिओ कोपरावर बॉल घेऊन उभा आणि भोवती सगळे फिरतायत. मी तेव्हा बास्केटबॉल बघायला लागलो.

अवांतर: ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना खेळले, तेव्हा कोणी होतं का? भारतातले एनबीएचे पहिले सामने, सरावाचेच होते पण तरी. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे, त्यांना कोण आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो. टीव्हीवर जे कधीच कळत नाही ते तिथे कळलं: स्क्रीनचा आवाज. शंभर-एकशे दहा किलोचा माणूस रोवून उभा राहतो आणि धावत येणारा गार्ड त्याच्यावर धप्पकन आदळतो, तो आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो. मग कळतं की पिक अँड रोलमध्ये ती अर्ध्या सेकंदाची उसंत कुठून येते. तो गार्ड सामन्यात चाळीसेक वेळा असा आदळणार असेल तर चौथ्या क्वार्टरमध्ये त्याची गती का मंदावते हेही.

मृद्गंधा

या आवाजाचा रकाना तक्त्यात नाही. आता 'स्क्रीन असिस्ट' मोजतात म्हणे, पण तोही स्क्रीनवरून थेट बास्केट झाली तरच.

जुनाट_जॉर्डनभक्त

कार्ल मलोनला याच्यासाठी निम्मे पैसे जास्त मिळायला हवे होते. त्याचा जोडीदार स्टॉकटनचे १५,८०६ असिस्ट (बास्केट करून देणारे पास) झाले त्यातले किती त्या खांद्यावरून आले असतील.

पेठेतला_पॉइंटगार्ड

३×३ (तिघांविरुद्ध तिघांचं बास्केटबॉल) बद्दल कोणीच बोललं नाही. टोकियो ऑलिंपिकपासून तो अधिकृत खेळ आहे. तिथे आतल्या बास्केटला १ आणि बाहेरच्याला २. म्हणजे बाहेरचा शॉट *दीडपट* नाही, *दुप्पट* मोलाचा! आतून ६० टक्के मारणारा आणि बाहेरून ३० टक्के मारणारा सारखेच. शिवाय घड्याळ १२ सेकंदांचं, आणि समोरच्यांच्या चुकलेल्या शॉटचा रिबाउंड घेतला की आधी बॉल रेषेबाहेर न्यावा लागतो, म्हणजे ट्रान्झिशन जवळपास बाद. डेक्कनला रविवारी आम्ही तसंच खेळतो. पन्नाशीच्या काकांचा सेट शॉट तिथे सगळ्यांना भारी पडतो. पळत नाहीत, उडत नाहीत, उभ्या उभ्या दोन गुण.

नियम बदलले की 'चांगली चाल' बदलते, एवढंच म्हणायचं होतं.

खडूस_खवय्या

काकांना साष्टांग.

गणिताचा_तास

पहाटपाच, तुमच्या मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिला: शेवटच्या दोन मिनिटांत आयसो का.

एक, समोरचे तेव्हा प्रत्येक स्क्रीनवर अदलाबदल करतात. अदलाबदल केली की पिक अँड रोलमधून हाती लागतो तो फक्त एक बेमेळ डिफेंडर, त्यामुळे पुढची चाल आपोआप आयसोच. तुम्ही आयसो खेळत नाही, पिक अँड रोल आयसोत जाऊन संपतो. दोन, आघाडी टिकवायची असेल तर बॉल गमावणं परवडत नाही, आणि एक पास कमी म्हणजे एक धोका कमी. तीन, घड्याळ खायचं असतं.

पण मुख्य कारण वेगळं. प्रश्न 'कुठल्या प्रकाराची सरासरी जास्त' हा नसून 'या प्रकाराची *अजून एक* चाल खेळलो तर किती मिळतील' हा आहे. कट १.३ देतो कारण तो अधूनमधून येतो. दिवसभर कट मारायला लागलात की चार डिफेंडर रिंगखाली तंबू ठोकतील आणि तो ०.८ वर येईल. डिफेंडरना बाहेर खेचून ठेवायला शूटर लागतात, आणि बॉलवाल्यावर दुसरा डिफेंडर ओढायला आयसोची धास्ती लागते. स्टीफन करी बॉलशिवाय स्क्रीनमागून पळतो तेव्हा दोघं त्याच्या मागे जातात आणि ड्रेमंड ग्रीन तिसऱ्यालाच रिंगखाली पास देतो. ती कटची १.३ कोणाची?

ह्यूस्टनकर

म्हणजे हार्डनची. धन्यवाद. एवढंच ऐकायचं होतं.

बॉस्टनवासी

४४ पैकी ७.

रिंगमास्तर

गणिताचा_तास यांचं वाचून मी काल एक केलं. मुलींच्या सामन्यात प्रत्येक बास्केटपुढे टाकणारीचं नाव लिहितोच, त्याच्याशेजारी 'मोकळी कोणामुळे झाली' असा एक रकाना वहीत काढला. एक मुलगी आहे, शॉट फारसा नाही, हंगामभर गुणतक्त्यात तळाला. तिचं नाव त्या दुसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलं. बॉल दिला की ती थांबत नाही, कोणाला तरी बरोबर घेऊन जाते. पुढच्या सामन्यात तिला सुरुवातीपासून खेळवणार आहे. पालकांना काय सांगायचं ते बघतो.

चिऊताई२१

सर, पालकांना वहीच दाखवा.

पहाटपाच

सरांच्या वहीवरून विचारतो. २०२५ च्या फायनलचा पहिला सामना. इंडियाना शेवटपर्यंत एकदाही पुढे नव्हता. ओक्लाहोमाचा शॉट चुकला, इंडियानाने रिबाउंड घेतला, कोच कार्लाइलनी टाइमआउट घेतला नाही. हॅलिबर्टन बॉल घेऊन पुढे आला, उजवीकडे सरकला, थ्रीच्या रेषेच्या आत उडी मारून मारला. ०.३ सेकंदं शिल्लक, १११-११०. वर्षभर पास-पास-पास खेळणारा संघ, आणि जिंकला एका माणसाच्या लांबच्या दोन गुणांवर. ही चाल कुठल्या रकान्यात टाकायची?

गणिताचा_तास

ट्रान्झिशन. बचाव सेट व्हायच्या आत झाली.

ह्यूस्टनकर

डिफेंडर समोर, पास नाही, स्क्रीन नाही. याला जगभर आयसो म्हणतात.

जुनाट_जॉर्डनभक्त

मधल्या पट्ट्यातला शॉट म्हणा. तुम्ही ०.८ म्हणून ज्याला हाकलून दिलंत तोच.

कबड्डीप्रेमी_सांगली

पोराला विचारलं. तो म्हणतो टाइमआउट न घेणं हीच खरी चाल, ती कार्लाइलच्या नावावर टाका.

ह्यूस्टनकर

पोराला धाग्यावर घेऊन या, नाना कंपनीत घेतील. पण आयसोच.